पहाटे तीनची पाळी आणि कारखान्याबाहेरचे पाच किलोमीटर

२२ एप्रिल २००३ रोजी एका साखर कारखान्यातील पहारेकऱ्याची पाळी पहाटे तीन ते सकाळी अकरा अशी होती. पाळीवर वेळेत हजर होण्यासाठी तो रात्रीच मोटारसायकलने घरून निघाला आणि कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर असताना झालेल्या अपघातात त्याचा मृत्यू झाला. मागे पत्नी, मुले आणि आई राहिली. हा मृत्यू ‘नोकरीतून उद्भवलेल्या आणि नोकरीच्या ओघात घडलेल्या’ अपघाताने झाला की नाही, एवढ्या एका प्रश्नाचे अंतिम उत्तर मिळायला २९ जुलै २०२५ उजाडला. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मनोज मिश्रा आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने त्या दिवशी दिलेला निकाल कामावर येण्या-जाण्याच्या वाटेवरील अपघातांबाबत मैलाचा दगड ठरला आहे. तरीही ‘घरापासून कामापर्यंतचा प्रत्येक अपघात आता मालकाच्या माथी’ असा त्याचा जो सोपा अर्थ लावला जातो, तो बरोबर नाही. न्यायालयाने नेमके काय ठरवले, कोणत्या वाटेने ठरवले आणि काय ठरवायचे राहिले, हे सुटे करून पाहणे त्यामुळे आवश्यक आहे.

वारसांनी दावा दाखल केला तो उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव येथील कामगार नुकसानभरपाई आयुक्त तथा दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यासमोर. दाव्याचा आधार १९२३ चा कामगार नुकसानभरपाई अधिनियम हा होता. २००९ च्या दुरुस्तीनंतर, १८ जानेवारी २०१० पासून, याच कायद्याचे नाव कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम असे झाले. या कायद्याचे वैशिष्ट्य असे की मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. कलम ३ नुसार अपघात नोकरीतून उद्भवलेला आणि नोकरीच्या ओघात घडलेला आहे एवढे दाखवले की मालकाचे दायित्व निर्माण होते, आणि मालकाने विमा उतरवलेला असल्यास ते विमा कंपनीकडे जाते. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल, तर कर्मचारी दारू प्यायलेला होता किंवा त्याने सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला होता, हा बचावसुद्धा मालकाला घेता येत नाही. एवढा उदार कायदा असल्यामुळे सारी लढाई कलम ३ मधील त्या दोन शब्दसमूहांवर येऊन ठेपते.

२६ जून २००९ रोजी आयुक्तांनी दावा मंजूर केला आणि ३,२६,१४० रुपये भरपाई, त्यावर २२ मे २००३ पासून दरसाल १२ टक्के व्याज असा आदेश दिला. हा आकडा कायद्याच्या सूत्राशी ताडून पाहण्यासारखा आहे. मृत्यूच्या प्रकरणात मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला मृताच्या वयानुसार चौथ्या अनुसूचीत दिलेल्या गुणांकाने गुणायचे असते. त्या काळी हिशेबात धरायच्या वेतनाला दरमहा ४,००० रुपयांची कमाल मर्यादा होती. त्याचे निम्मे २,०००, त्याला १६३.०७ या गुणांकाने गुणले की बरोबर ३,२६,१४० रुपये येतात. व्याजाची तारीखही हवेतून आलेली नाही. भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशी, आयुक्तांच्या आदेशाच्या दिवशी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी एका सुताराच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. देय झाल्यापासून महिन्याच्या आत रक्कम न दिल्यास कलम ४अ प्रमाणे किमान १२ टक्के सरळ व्याज लागू होते. २२ एप्रिलनंतर एक महिना म्हणजे २२ मे.

आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध विमा कंपनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली आणि डिसेंबर २०११ मध्ये तिचे अपील मंजूर झाले. अपघात कारखान्याच्या आवारात नव्हे तर सार्वजनिक रस्त्यावर, आणि पाळी सुरू होण्याआधी झाला होता. त्यामुळे तो नोकरीतून उद्भवला असे म्हणता येणार नाही, असा हा निष्कर्ष होता. या निष्कर्षाला आधार होता सर्वोच्च न्यायालयाच्याच १९९६ च्या एका निकालाचा. म्हणून उच्च न्यायालयाला दोष देऊन हे प्रकरण समजणार नाही. आधी तो जुना निकाल समजून घ्यायला हवा.

त्या प्रकरणातील कामगार २६ जून १९७१ रोजी दुपारी सव्वाचारच्या सुमारास सायकलवरून कारखान्याकडे जात होता. पाळी साडेचारला सुरू होणार होती. कारखाना एक किलोमीटरवर असताना एका लॉरीने त्याला धडक दिली आणि त्याच्या गळ्याजवळचे हाड मोडले. लॉरी त्याच्याच मालकाची होती, पण न्यायालयाच्या दृष्टीने त्याने फरक पडला नाही. कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ अन्वये, म्हणजे ज्याला आपण ईएसआय म्हणतो त्या कायद्यान्वये, ही ‘नोकरीतील इजा’ आहे का, हा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने नाही असे उत्तर दिले. कामावर जाण्यासाठी रस्त्यावर येणे ही नोकरीची पूर्वतयारी आहे, नोकरी नव्हे. रस्त्यावरचा धोका त्या कामगाराला इतर कोणाही वाटसरूइतकाच होता, असा त्या निकालाचा आशय होता.

या भूमिकेची मुळे त्याहूनही जुनी आहेत. १९५८ मध्ये सौराष्ट्रातील एका मिठागराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. काम संपवून परतणारे मजूर खाडी ओलांडताना होडी उलटून बुडाले. न्यायालयाने तेव्हा ‘काल्पनिक विस्तारा’चे तत्त्व मान्य केले, म्हणजे नोकरीची हद्द फाटकाच्या रेषेवर संपत नाही, वेळ आणि जागा या दोन्ही बाबतींत ती थोडी पुढे-मागे सरकते. मात्र कामगार एकदा सार्वजनिक रस्त्यावर किंवा सार्वजनिक वाहनात इतर लोकांसारखा आला की हा विस्तार संपतो, जोपर्यंत नोकरीच्या स्वरूपामुळेच त्याला तिथे असणे भाग नसते, असेही सांगितले आणि मजुरांच्या वारसांना भरपाई नाकारली.

पाचच वर्षांनी, १९६३ मध्ये, मुंबईच्या बेस्ट उपक्रमाच्या एका बसचालकाच्या प्रकरणात मात्र उलट घडले. जोगेश्वरी आगारात आपली बस लावून तो घरी सांताक्रूझला जाण्यासाठी बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये बसला. त्या बसला अपघात होऊन त्याचा मृत्यू झाला. गणवेशातील चालकांना बेस्टच्या बसमधून मोफत प्रवासाची मुभा होती. अवाढव्य शहरात वेळेवर आणि ताजेतवाने कामावर यायचे तर उपक्रमाच्या बस वापरणे ही सेवेचीच गरज ठरते, असे म्हणून न्यायालयाने बहुमताने वारसांच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालात एका न्यायमूर्तींचे भिन्नमत होते, आणि आजही दोन्ही बाजू वाचल्या की हा प्रश्न किती कठीण होता याची जाणीव होते.

पुढची अनेक दशके या दोन निकालांच्या मध्ये गेली. मालकाची बस असली की एक उत्तर, स्वतःची सायकल असली की दुसरे. कंपनीच्या खासगी रस्त्यावर एक, त्यापलीकडच्या डांबरी सडकेवर दुसरे. अपघात कुठे झाला याला महत्त्व आले आणि माणूस तिथे कशासाठी होता हा प्रश्न मागे पडला. माझ्या मते मूळ गफलत इथेच होती. पहाटे तीनच्या पाळीसाठी मध्यरात्रीनंतर निघालेला पहारेकरी ‘इतर कोणाही वाटसरूसारखा’ रस्त्यावर असतो, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. त्या वेळी त्या रस्त्यावर वाटसरू नसतातच. त्याला तिथे आणले ते पाळीच्या तक्त्याने.

२०१० ची दुरुस्ती

१९९६ च्या निकालाने ईएसआयखालील कामगारांचे जे नुकसान झाले ते संसदेने १ जून २०१० पासून दुरुस्त केले. ईएसआय कायद्यात कलम ५१-ई आले. कर्मचारी घरून कामावर येत असताना किंवा काम संपवून घरी परतत असताना झालेला अपघात हा नोकरीतून उद्भवलेला आणि नोकरीच्या ओघात घडलेला मानला जाईल, मात्र अपघाताची परिस्थिती, वेळ आणि जागा यांचा नोकरीशी दुवा सिद्ध झाला पाहिजे, असे ते कलम सांगते.

पहारेकऱ्याच्या वारसांपुढे यानंतरही दोन भिंती होत्या. अपघात २००३ चा, कलम २०१० चे. आणि कलम ईएसआय कायद्यातले, दावा मात्र १९२३ च्या कायद्याखालचा.

पहिली भिंत न्यायालयाने अशी ओलांडली. नवा हक्क देणारी तरतूद सामान्यतः पुढच्या काळासाठी असते. परंतु आधीच्या कायद्याच्या शब्दांविषयी संशय निर्माण झाला असेल आणि विधिमंडळ तो संशय दूर करण्यासाठी स्पष्टीकरण देत असेल, तर ते स्पष्टीकरण मूळ शब्दांतच पहिल्यापासून होते असे मानले जाते. कामाच्या वाटेवरील अपघातांबाबत निकालांमध्ये मोठी संदिग्धता होती, आणि कलमाची ‘मानला जाईल’ ही भाषा व कायद्याचा कल्याणकारी हेतू पाहता ५१-ई हे स्पष्टीकरणात्मक आहे, म्हणून ते पूर्वलक्षी प्रभावाने लागू होते, असे खंडपीठाने ठरवले.

दुसरी भिंत समविषयक कायद्यांच्या तत्त्वाने ओलांडली गेली. ईएसआय कायद्यातील ‘नोकरीतील इजा’ या व्याख्येत आणि १९२३ च्या कायद्यातील कलम ३ मध्ये शब्द तेच आहेत. दोन्ही कायदे कामगाराला किंवा त्याच्या वारसांना अपघातानंतर आधार देण्यासाठीच आहेत. तेव्हा एका कायद्यात त्या शब्दांचा जो अर्थ संसदेने स्पष्ट केला, तोच दुसऱ्यातही घ्यावा. अशा रीतीने कलम ३ मध्ये येण्या-जाण्याच्या वाटेवरील अपघातही, तो तिहेरी दुवा सिद्ध होण्याच्या अटीवर, समाविष्ट आहे असा अर्थ लावण्यात आला. उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द झाला आणि आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम झाला.

या दुसऱ्या पायरीवर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. संसदेने दोन्ही कायद्यांना हात घातला तो जवळपास एकाच सुमारास: १९२३ च्या कायद्याची दुरुस्ती जानेवारी २०१० मध्ये अमलात आली, ईएसआयची जून २०१० मध्ये. पहिल्यात नाव बदलले, पण वाटेवरच्या अपघातांचे कलम घातले नाही, दुसऱ्यात घातले. मग हा फरक हेतुपुरस्सर नव्हता कशावरून? ईएसआय ही कर्मचारी आणि मालक दोघांच्या वर्गणीवर चालणारी विमा योजना आहे, तर १९२३ च्या कायद्याचा भार एकट्या मालकावर पडतो, हेही या आक्षेपाच्या बाजूने सांगता येईल.

तरीही मला न्यायालयाचा मार्ग पटतो, आणि त्याचे कारण या प्रकरणातल्या कारखान्यातच आहे. ईएसआय कायदा हंगामी कारखान्यांना लागू होत नसे, आणि केवळ साखर किंवा गूळ तयार करणारा कारखाना त्या कायद्याच्या व्याख्येनेच हंगामी ठरत असे. म्हणजे साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याला ईएसआयचे छत्र नव्हते ते त्याच्या किंवा मालकाच्या इच्छेमुळे नव्हे, तर कायद्याच्या रचनेमुळे. त्याच्यापुढे १९२३ चा कायदा हा एकच दरवाजा होता. त्याच रात्री, त्याच रस्त्याने, दुसऱ्या एखाद्या कारखान्याच्या रात्रपाळीला निघालेला विमाधारक कामगार मृत्यू पावला असता, तर कलम ५१-ईमुळे त्याच्या वारसांना लाभ मिळाला असता आणि साखर कारखान्यातील माणसाच्या वारसांना मिळाला नसता. दोन कायद्यांत शब्द एकच असताना असा भेद केवळ कारखान्याच्या प्रकारावरून करणे कोणत्याही तर्काने समर्थनीय नाही. ईएसआय कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे ईएसआयखालील कर्मचाऱ्याला १९२३ च्या कायद्याने भरपाई मागता येत नसे. म्हणजे दोन्ही कायद्यांनी मिळून एकच क्षेत्र आपसात वाटून घेतले आहे, आणि एका वाट्यात उजेड व दुसऱ्यात अंधार ठेवण्याचा हेतू संसदेला चिकटवणे कठीण आहे.

दुवा कशाने सिद्ध झाला

निकालाचा खरा कणा ‘दुवा’ हा शब्द आहे. परिस्थिती, वेळ आणि जागा या तिन्हींचा संबंध नोकरीशी जोडून दाखवण्याचे ओझे वारसांवरच असते. १९६९ च्या मॅकिनन मॅकेन्झी प्रकरणात, जहाजावरून बेपत्ता झालेल्या खलाशाच्या बाबतीत, प्रत्यक्ष पुरावा नसला तरी पुराव्यातून वाजवी अनुमान काढता येते, पण निव्वळ अंदाजावर भरपाई देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. पहारेकऱ्याच्या प्रकरणात तिन्ही गोष्टी जागच्या जागी होत्या. पाळी पहाटे तीनची, अपघात त्याआधीचा. जागा कारखान्याच्या वाटेवर, पाच किलोमीटर अलीकडे. काम रात्रीच्या पहाऱ्याचे, जिथे उशीर चालत नाही. वेळेत पोहोचण्यासाठी तो कर्तव्यभावनेने निघाला होता, यावर न्यायालयाने भर दिला.

आता हीच हकीकत थोडी बदलून पाहावी. पाळी सकाळी अकराला संपली आणि कामगार बाजाराच्या गावी जाऊन संध्याकाळी परतताना अपघात झाला, तर वेळेचा धागा तुटतो. घर एका दिशेला आणि अपघात दुसऱ्याच दिशेच्या रस्त्यावर, तर जागेचा. वाटेत मुलाला शाळेत सोडण्यासाठी दोन गल्ल्यांचे वळण घेतले तर काय, याचे उत्तर निकालात नाही आणि ते प्रत्येक प्रकरणाच्या तथ्यांवर ठरेल. अशा छोट्या, रोजच्या वळणाने दुवा तुटतो असे मानणे मला कठोर वाटते.

म्हणून अपघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत काय गोळा केले जाते याला फार मोल आहे. हजेरीपट आणि पाळीचा तक्ता मालकाच्या ताब्यात असतो. घटनास्थळाचा पंचनामा पोलिसांकडे. आदल्या दिवशी पाळी बदलली असेल तर ती तोंडी बदलली की लेखी, कोणी सांगितले, सोबत कोण होते, हे सहकाऱ्यांच्या आठवणीत ताजे असते तोवरच कळते. दावा साधारणपणे दोन वर्षांच्या आत दाखल करायचा असतो, आणि पुरेशा कारणासाठी आयुक्त विलंब माफ करू शकतात. अपघात मोटार वाहनाचा असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ नुसार वारसांना मोटार वाहन कायदा आणि नुकसानभरपाईचा कायदा यांपैकी एकाच कायद्याखाली भरपाई मागता येते. समोरच्या वाहनाची चूक स्पष्ट असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात रक्कम बहुधा मोठी मिळते. पण स्वतःचीच गाडी घसरली, किंवा धडक देणारे वाहन पळून गेले, तर नुकसानभरपाईचा कायदा हाच भरवशाचा आधार राहतो. ही निवड विचारपूर्वक, आणि दावा दाखल करण्यापूर्वीच करावी लागते.

मालकाने दायित्व पूर्ण मान्य केले नाही तरी जेवढे मान्य आहे तेवढी रक्कम तात्पुरती भरावी, असे कलम ४अ सांगते. विनाकारण विलंब केल्यास भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत शास्ती होऊ शकते, आणि ती विमा कंपनीने नव्हे, मालकाने स्वतः भरायची असते. तरतूद आहे ती अशी. तरी या कुटुंबाच्या वाट्याला बावीस वर्षे आली. व्याज वर्षाला ३९,१३६ रुपये ८० पैसे, तेही सरळ, चक्रवाढ नव्हे. भरपाईचा दर अपघाताच्या तारखेचा, त्यामुळे वेतनाची मर्यादा २०१० मध्ये ८,००० आणि जानेवारी २०२० मध्ये १५,००० झाली तरी त्याचा या घराला लाभ नाही. १५,००० च्या मर्यादेने त्याच गुणांकावर रक्कम १२,२३,०२५ रुपये झाली असती. जिंकलेल्या वारसांनासुद्धा उशिराची किंमत कायदा पूर्ण भरून देत नाही, ही या प्रकरणातील मला सर्वांत जाचणारी गोष्ट आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली असून तिने या दोन्ही कायद्यांची जागा घेतली आहे, आणि तिच्यात कामावर येण्या-जाण्याच्या वाटेवरील अपघाताची तरतूद मालकाच्या दायित्वाच्या प्रकरणातच, दुव्याच्या त्याच अटीसह, लिहिलेली आहे. त्यामुळे नव्या अपघातांसाठी दोन कायद्यांचे शब्द जुळवण्याची गरज उरलेली नाही. जुलै २०२५ च्या निकालाचे महत्त्व जुन्या अपघातांच्या प्रलंबित दाव्यांमध्ये आणि ‘दुवा’ या शब्दाचा अर्थ लावण्यामध्ये राहील.

एक प्रश्न मात्र या प्रकरणात उद्भवलाच नाही. पहारेकरी कारखान्याचा कर्मचारी होता, हे सर्वोच्च न्यायालयापुढे वादात नव्हते. पण त्याच कारखान्याचा ऊस तोडणारी जोडपी मुकादमाची उचल घेऊन आलेली असतात, कोपीत राहतात आणि पहाटे अंधारात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून फडाकडे निघतात. ठेकेदारामार्फत काम करवून घेणाऱ्या मुख्य मालकावर १९२३ च्या कायद्याच्या कलम १२ ने दायित्व टाकले होते खरे. परंतु त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमानुसार, अपघात मुख्य मालकाच्या कामाच्या किंवा ताब्यातील जागेवर अथवा तिच्या आसपास झालेला नसेल तर ते दायित्व लागू होत नसे. कलम ३ वाटेवरच्या अपघातापर्यंत पोहोचले, पण कलम १२ फडाच्या बांधाशी थांबले, तर ट्रॉली उलटून दगावलेल्या मजुराच्या वारसांपुढे उरतो तो फक्त मुकादम, ज्याच्याकडे बहुधा ना विमा असतो, ना तीन लाख रुपये.